चार इंच माती आणि माळव्याचे ऊन

इंदूरमध्ये बहुमजली इमारतीतला अगदी वरचा फ्लॅट अनेकदा थोडा स्वस्त का मिळतो, हे समजण्यासाठी त्या फ्लॅटमध्ये एक वैशाख काढावा लागतो. माळव्याच्या रात्रींची कीर्ती मोठी आहे. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र असे वाखाणले जाते, आणि मे महिन्यातही रात्री अकरानंतर इथे खरोखरच गार वारा सुटतो. मात्र ही कीर्ती उघड्या गच्चीवर सतरंजी टाकून झोपणाऱ्यांची आहे. स्लॅबखाली झोपणाऱ्याचा अनुभव निराळा असतो, कारण दिवसभर पन्नास-साठ अंशांपर्यंत तापलेले काँक्रिट नेमके त्याच वेळी आपली उष्णता खाली सोडायला लागते, बाहेर वारा वाहत असतो आणि आत पंखा छताजवळची गरम हवा अंगावर ढकलत असतो.

अशा घरात राहणाऱ्या माणसाला हिरव्या छताचे, म्हणजे माती घालून वर वनस्पती वाढवलेल्या छताचे, आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. अलीकडे आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर सिंगापूरच्या इमारतींची छायाचित्रे येऊ लागली आहेत, ज्यांत छतावरून उतरत आलेली लुसलुशीत हिरवळ दिसते आणि खाली 'आपणही का नाही?' असा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे, पण तो त्या छायाचित्राकडे पाहून सोडवता येणार नाही. सिंगापूरला बाराही महिने पाऊस पडतो, तर इंदूरला वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे ९५० मिलिमीटर पावसातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच उरकतो. माळव्यात छतावर बाग करायची असेल तर ती आठ महिने कोरड्या राहणाऱ्या आकाशाखाली करायची आहे, आणि त्या बागेला वैशाखात वाळून पिवळे पडण्याची मुभा असली पाहिजे, असे माझे मत होत गेले आहे. ते कसे होत गेले, ते सांगतो.

छतावर माती घालणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. माझे आजोळ खानदेशातले. तिथे आणि निमाडातही धाब्याची घरे आता-आतापर्यंत सर्रास दिसत. सागाच्या तुळया, त्यांवर आडव्या कड्या, त्यांवर काड्या-पाल्याचा थर आणि वर चांगली वीतभर पांढरी माती, अशी ती रचना असे. काळी माती कुणी धाब्यावर टाकत नसे, कारण ती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. गावठाणातली पांढरी माती दाबली की घट्ट बसते आणि पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. मृगाआधी धाब्यावर चढून माती सारखी करणे हे घरातल्या पुरुषांचे ठरलेले काम असे, आणि आषाढात त्याच धाब्यावर गवत उगवून येई. ते गवत कुणी लावलेले नसे आणि त्याचे कौतुकही नसे. उलट मुळे खोल गेली की गळती सुरू होते म्हणून आजोबा ते उपटायला लावत. त्या घरात मे महिन्याच्या भर दुपारीही जो गारवा असे, तो मात्र आजच्या कुठल्याही सहा इंची स्लॅबखाली मिळत नाही. धाबे थंड असे आणि गळकेही असे. हिरव्या छताचे आजचे सगळे तंत्र म्हणजे यातला पहिला गुण ठेवून दुसरा कसा घालवायचा, याचाच खटाटोप आहे.

मुंबईला गेलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांनी आणखी एक हिरवे छत पाहिलेले असते, पण ते छत आहे हे त्यांच्या लक्षात आलेले नसते. मलबार हिलवरचे हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान, हे १८८० च्या दशकाच्या आरंभी शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या वर तयार करण्यात आले. समोरच्या कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटात चढण्याची घाई झालेल्या मुलांना आपण नुकतेच एका मोठ्या पाण्याच्या टाकीच्या छतावरून धावत आलो, हे कुणी सांगत नाही. योगायोग असा की युरोपातले एक नावाजलेले जुने हिरवे छतही पाण्यावरच आहे. स्वित्झर्लंडमधील झ्युरिक शहराच्या वोलिसहोफेन भागात १९१४ साली जलशुद्धीकरण केंद्र बांधले गेले. आतले पाणी थंड राहावे म्हणून त्याच्या सपाट काँक्रिट छतांवर वाळू-खडीचा थर आणि वर आसपासच्या शेतांतली माती पसरण्यात आली. त्या मातीतल्या बियांमधून आपोआप जे कुरण उगवले ते शंभर वर्षांनंतरही तिथे टिकून आहे, आणि शेतीच्या आधुनिकीकरणात त्या परिसरातून नाहीशी झालेली कित्येक रानफुले, ऑर्किडच्या नऊ जातींसह, या छतावर शिल्लक राहिली आहेत. दोन्हीकडे हेतू खालचे पाणी राखण्याचा होता, शोभेचा विचार त्यानंतरचा. छतावरच्या मातीकडे या दृष्टीने, म्हणजे खाली काय आहे आणि त्याचे कशापासून रक्षण करायचे आहे, अशा क्रमाने पाहिले तर पुष्कळ गोष्टी सरळ होतात.

हिरव्या छतांचे प्रकार सांगताना तज्ज्ञ मंडळी मातीच्या जाडीवरून सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे, कारण वजन, खर्च, पाणी, झाडांची निवड हे सगळे त्या एका आकड्याला बांधलेले असते. पातळ प्रकारात मातीचा थर साधारण सहा ते पंधरा सेंटिमीटर असतो; त्यात गवत, रसाळ पानांच्या वनस्पती, ऋतूपुरती उगवणारी रानफुले एवढेच तगते, आणि तिथे रोज कुणी वावरावे अशी अपेक्षा नसते. जाड प्रकारात थर वीतभरापासून मीटरभरापर्यंत जातो, त्यावर झुडपे आणि लहान झाडेही लावतात, पायवाटा काढतात, बाके ठेवतात. ती खऱ्या अर्थाने छतावरची बाग असते आणि तिला बागेइतकेच पाणी व माळीकाम लागते. या दोहोंच्या मधलाही एक प्रकार आहे. पातळ छताचे पाणी पिऊन तृप्त झालेले वजन चौरस मीटरला अंदाजे ६० ते १५० किलो भरते, तर जाड बागेचे वजन दोनशे-तीनशे किलोंवरून सुरू होते आणि पाचशेच्याही पुढे जाते. गच्चीवर ओळीने ठेवलेल्या कुंड्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांतली वांगी-टोमॅटो या कशातच बसत नाहीत. त्यांचा आनंद मोठा असतो, भाजीही ताजी मिळते; पण कुंड्यांच्या मधली फरशी उघडीच राहत असल्याने स्लॅबला त्यांचा उपयोग फारसा होत नाही, आणि कुंडीतली मुळे चारही बाजूंनी भाजत असल्याने मे महिन्यात त्यांना दोनदा पाणी द्यावे लागते ते वेगळेच.

वजनाचा मुद्दा लोक फार हलक्यात घेतात. छतांवरच्या भाराविषयी जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा दुसरा भाग, त्यात ज्या सपाट छतावर माणसांचा वावर असतो त्यासाठी चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो, इतका भार धरायला सांगितला आहे. जिथे केवळ दुरुस्तीपुरते जायचे असते तिथे त्याच्या निम्मा. आता आपल्या शेतातली काळी माती चार इंच पसरली आणि आषाढात ती चिंब झाली, तर तिचेच वजन चौरस मीटरला १८० ते २०० किलोंच्या घरात जाते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर हे ओझे सतरा-अठरा टनांवर पोचते, आणि अजून माणूस वर चढायचाच आहे. शिवाय आपल्याकडच्या जुन्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आधीच घातलेला असतो, आणि गळती थांबेना म्हणून कुणीतरी त्यावर दुसरा कोबाही चढवलेला असतो. 'डग डग रोटी, पग पग नीर' असा जिचा लौकिक, ती माळव्याची माती जमिनीवर सोने आहे. छतावर ती जड आहे, निचऱ्याला वाईट आहे आणि सुकताना आक्रसून कडेने फटी पाडणारी आहे. तिला गच्चीचा जिना चढू न देणेच शहाणपणाचे.

मग छतावर घालायचे काय? युरोपात या मातीत सेंद्रिय भाग मुद्दाम कमी ठेवतात आणि मुख्य भर भाजलेल्या विटा-कौलांच्या चुऱ्यावर किंवा सच्छिद्र ज्वालामुखी खड्यावर देतात. आपल्याकडचे बागप्रेमी बरोबर उलटे करतात. सगळी भिस्त कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्टवर. असा थर पहिल्या वर्षी हलका, भुसभुशीत आणि देखणा असतो, पण सेंद्रिय पदार्थ कुजत जातो तसा तो बसतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत चार इंचांचे अडीच इंच उरतात. विटांचा चुरा कुजत नाही, पाणी धरतो आणि हवाही खेळती ठेवतो. चाळून धूळ काढलेला विटांचा चुरा निम्म्याहून अधिक, बाकी कोकोपीट, आणि जेमतेम पाचवा हिस्सा चांगले मुरलेले कंपोस्ट, असे मिश्रण मी माझ्या मावसभावाच्या घरी पाहिले, आणि ते मला सर्वांत पटले.

कंपोस्टचा विषय इंदुरात निघाला की एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आज देशभर या शहराचे नाव कचऱ्याच्या वर्गीकरणासाठी घेतले जाते. पण ओल्या कचऱ्याचे शास्त्र इथे त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होते. १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीचे संचालक होते. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक काळाने उलथून, खत तयार करण्याची जी रीत त्यांनी बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली गेली, आणि १९३१ साली ती पुस्तकरूपाने आली तेव्हा मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड या त्यांच्या सहकाऱ्याचेही नाव होते. परदेशातले सेंद्रिय शेतीवाले ज्या गावाचे नाव आदराने घेतात, त्या गावात गच्चीसाठी कंपोस्टची पोती बाहेरून विकत आणणारे पाहिले की मला गंमत वाटते. स्वयंपाकघरातल्या भाजीच्या देठांपासून आणि कॉलनीतल्या कडुनिंबाच्या पाल्यापासून लागेल तेवढे कंपोस्ट घरच्या घरी होते, कारण मुळात ते फारसे लागतच नाही.

मावसभावाचे घर लोकमान्य नगरात आहे आणि त्याने हिरवे केले आहे ते पूर्ण छत नव्हे, तर पश्चिमेकडच्या दोन खोल्यांवरचा भाग. मी जुलैत गेलो तेव्हा दादाने कडेची खडी बाजूला सारून, खुरप्याने मातीचा एक चौकोन उचलून आतले सगळे मला दाखवले. वर हरळीची जाळी, तिच्याखाली विटकरी रंगाची, बोटांना खरखरीत लागणारी माती. तिच्या तळाशी करड्या रंगाचे जाड कापड, ज्यातून पाणी जाते पण माती जात नाही. त्या कापडातून पांढरी, केसासारखी बारीक मुळे आरपार उतरलेली दिसत होती. कापडाखाली अंड्यांच्या ट्रेसारख्या खळग्यांचा काळा प्लॅस्टिकचा पत्रा होता. खळग्यांत थोडे पाणी साठून राहते आणि जादा पाणी फटींमधून खाली निसटून उताराने वाहत जाते. त्याखाली मुळांना अडवणारे जाड आवरण, आणि सर्वांत खाली, जिच्यासाठी हा सारा प्रपंच ती, वॉटरप्रूफिंगची पडदी. दादाने बोट घालून दाखवले, ती पडदी गार होती आणि तिच्यावर एकही भेग नव्हती.

ही पडदी हाच माझ्या मते हिरव्या छताचा सर्वांत ठोस आणि सर्वांत कमी बोलला जाणारा फायदा आहे. उघड्या गच्चीवरचे कोणतेही वॉटरप्रूफिंग मरते ते मुख्यतः उन्हाने. अतिनील किरणांनी त्यातला लवचीकपणा जातो, आणि दिवसा प्रसरण, रात्री आकुंचन अशा रोजच्या ओढाताणीत त्याला केसाएवढ्या चिरा पडतात, ज्यांतून पहिल्या पावसाचे पाणी वाट काढते. मातीखाली ऊन पोचत नाही आणि तापमानही फारसे हेलकावे खात नाही, त्यामुळे पडद्यांचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते असा युरोपातला अनुभव आहे. अर्थात हे सगळे पडदी मुळात निर्दोष असेल तरच. माती घालण्याआधी पाण्याची तोंडे बंद करून गच्चीत दोन-तीन इंच पाणी किमान दोन दिवस भरून ठेवणे आणि खालच्या छतावर कुठे ओल दिसते का ते पाहणे, ही परीक्षा टाळणारा कंत्राटदार मिळाला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. आमच्या ओळखीतल्या एका घरी ही परीक्षा घाईत उरकली गेली, आणि पुढच्या भाद्रपदात गळती शोधण्यासाठी सगळी माती पोत्यांत भरून खाली उतरवावी लागली.

गारव्याकडे येऊ. वनस्पती छताला दोन प्रकारे थंड ठेवतात, आणि त्यांतला फरक माळव्यात फार महत्त्वाचा आहे. पहिला प्रकार बाष्पीभवनाचा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता ती सोबत घेऊन जाते. आपला वाळ्याचा कूलर याच तत्त्वावर चालतो. पण मे महिन्यात गच्चीवरची हिरवळ हिरवी ठेवायची तर तिला चौरस मीटरला रोज सहा-सात लिटर पाणी लागते, म्हणजे हजार चौरस फुटांना सहाशे लिटरच्या आसपास. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी १३५ लिटरचे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने ही हिरवळ म्हणजे घरात राहायला आलेले साडेचार माणसांचे कुटुंब झाले. आणि इंदूरच्या नळाला येणारे बहुतेक पाणी १९७८ पासून जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावरून, विंध्याची चढण पंपांनी चढवून आणलेले नर्मदेचे पाणी आहे. विजेचे बिल वाचवण्यासाठी नर्मदा डोंगरावर चढवायची आणि मग ती छतावरून उडवून द्यायची, हा व्यवहार मला तरी पटत नाही. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी घालावे, असे पुष्कळ जण सुचवतात. कुंड्यांना ते कधीमधी चालेल, पण त्यात क्षार एकवटलेले असतात, आणि इतक्या पातळ मातीत ते साठत गेले की झाडे पानांच्या कडांपासून करपू लागतात. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी आणि एसीतून ठिबकणारे पाणी त्या मानाने निर्धोक. पण त्याने हजार फूट भिजत नाहीत.

दुसरा प्रकार निव्वळ आडोशाचा आहे आणि त्याला पाणी लागत नाही. वाळलेल्या गवताची जाडसर गादी उन्हाला मातीपर्यंत पोचू देत नाही, आणि कोरडी, सच्छिद्र माती उष्णतेला सहजी वाट देत नाही. असा चार इंचांचा थर उष्णता अडवण्याच्या कामी साधारण अर्धा मीटर जाड काँक्रिटच्या तोडीचा ठरतो. म्हणजे छत पिवळे पडले तरी ते काम सोडून बसलेले नसते. दादाच्या त्या दोन खोल्यांत मी मे महिन्यातही जाऊन आलो आहे; वरचे गवत तेव्हा पार वाळून गेले होते, पण भिंतीला हात लावला की ऊब जाणवत होती आणि छताला मात्र नाही. शेजारच्या उघड्या स्लॅबखालच्या खोलीत हे अगदी उलट होते. वहिनींना तरीही ते पिवळे छत आवडत नाही. पाहुणे विचारतात की एवढा खर्च करून हे काय केले, आणि दर वेळी समजावून सांगायचा त्यांना कंटाळा आला आहे.

वनस्पतींची निवड यावरूनच ठरते. युरोपातल्या पातळ छतांवर सिडम नावाच्या मांसल पानांच्या वनस्पतींचे राज्य असते. त्या दुष्काळ सोसतात, पण आपल्या पावसाळ्यातला सततचा ओलावा आणि उष्मा त्यांना मानवत नाही, त्या कुजतात. आपल्याला हवी ती जात मात्र आपल्या अंगणातच आहे: हरळी, जी वैशाखात मेल्यासारखी दिसते आणि मृगाच्या सरींनंतर आठवडाभरात जमिनीखालच्या काड्यांतून फुटून येते; घोळ, जिची भाजी होते आणि जिच्या बिया एकदा पडल्या की पुन्हा लावाव्या लागत नाहीत; तिच्याच कुळातला चिनी गुलाब, जो ऊन चढले की फुलतो; पुनर्नवा, कोरफड, पानफुटी. पावसाळ्यापुरता तेरडा आपला आपण उगवतो आणि नेमका गौरींच्या सुमारास फुलतो, आघाडाही तेव्हाच हाताशी येतो. दूर्वा, आघाडा आणि तेरड्याच्या गौरी घरच्या छतावरून आल्यामुळे राजवाड्याजवळच्या बाजाराच्या गर्दीत पत्रीसाठी जावे लागले नाही, ही एक गोष्ट वहिनी पाहुण्यांना आवर्जून सांगतात. कार्तिकापूर्वी मात्र हे सगळे कापून घेतलेले बरे, कारण वाळू लागलेले गवत आणि दिवाळीतले रॉकेट यांचा भरवसा नाही. कठड्यालगत आणि दाराखिडक्यांसमोर अर्धा मीटर रुंदीचा नुसत्या खडीचा पट्टा ठेवण्याची जर्मन रीत आगीसाठी तर उपयोगी आहेच, पण पाण्याची तोंडे साफ करायलाही तिने जागा मिळते.

पावसाच्या पाण्याबद्दल जे दावे केले जातात ते मात्र थोडे सांभाळून ऐकावेत. समशीतोष्ण देशांत, जिथे वर्षभर हलक्या सरी पडतात, तिथे पातळ छत वर्षाच्या पावसापैकी निम्मा किंवा अधिक पाऊस धरून ठेवते, हे खरे. आपल्याकडे चार इंच मातीत तीस-चाळीस मिलिमीटर पाणी मावते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस ती पूर्ण गिळून टाकील, पण श्रावणात एकदा संततधार लागली की माती तुडुंब भरते आणि नंतरचे सगळे पाणी खालीच येते. ते सावकाश येते एवढा लाभ तेव्हाही राहतो, आणि ज्या शहरात तासाभराच्या पावसात चौकांचे तलाव होतात तिथे तो अगदीच क्षुल्लक नाही. दुसरीकडे, जे छताचे पाणी बोअरवेलमध्ये मुरवतात त्यांनी हे लक्षात घ्यावे की मातीतून आलेले पाणी पहिली एक-दोन वर्षे चहाच्या रंगाचे येते आणि त्यात विरघळलेले खतही असते. गाळण नीट असल्याशिवाय ते बोअरमध्ये सोडू नये.

आणि एवढे सगळे सांगून झाल्यावर प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की ज्याला फक्त खोली गार करायची आहे त्याने गच्चीला पांढरा चुना फासावा. चुन्याचा दाट हात दिलेली गच्ची बहुतांश ऊन परत आकाशात धाडते आणि खर्च हिरव्या छताच्या पासंगालाही पुरत नाही. पावसाळ्यात तो धुऊन जातो, म्हणून दर फाल्गुनात पुन्हा द्यायचा. पक्षी, फुलपाखरे, पडदीचे वाढलेले आयुष्य, पावसाला लागणारा लगाम हे मात्र चुन्याकडून मिळत नाही. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहराने २००२ पासून नव्या सपाट छतांवर हिरवळ सक्तीची केली ती पक्ष्यांचा आणि कीटकांचा विचार करून. टोरांटोने २००९ मध्ये मोठ्या नव्या इमारतींसाठी तसाच नियम केला. आपल्या छतांवर सध्या सौर पॅनेलांचा हक्क पहिला आहे, आणि तो असावाही. पण ही दोघे एकमेकांचे वैरी नाहीत. पॅनेल तापले की दर अंशामागे त्याची निर्मिती शेकडा सुमारे ०.४ ने घसरते, आणि तापलेल्या फरशीपेक्षा झाकलेल्या मातीवर ते थोडे थंड राहते. पॅनेलच्या सावलीत मातीही उशिरा सुकते. फक्त सांगाडा हात-दीड हात उंच घ्यावा लागतो, आणि त्याचे पाय पडदीला भोके न पाडता उभे करावे लागतात.

आमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत हे सगळे मांडले गेले. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंचे म्हणणे असे की त्यांच्या डोक्यावर प्रयोग नको. तळमजल्यावरच्यांचे म्हणणे असे की गारवा वरच्यांना मिळणार तर खर्चही वरच्यांनीच करावा. इमारतीचे नकाशे तपासायला स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावले तेव्हा त्यांनी एकूण गच्चीवर पातळ थरही सध्याच्या दुहेरी कोब्यासकट बसणार नाही, आधी वरचा कोबा फोडावा लागेल, असे सांगितले; तेव्हा पहिल्या वर्षी फक्त जिन्यावरच्या खोलीचे छत करून पाहावे, बाकीच्या गच्चीला चुना द्यावा आणि नव्याने बांधणाऱ्या नातेवाइकांना नकाशाच्या वेळीच चौरस मीटरला तीनशे किलो धरायला सांगावे, असे ठरले. विटांचा चुरा कुठून आणायचा, पाणी भरून परीक्षा कधी घ्यायची, हेही ठरले. कबुतरांच्या विष्ठेतून पडणारी पिंपळाची रोपे बोटभर असतानाच उपटायला जिन्यावरच्या त्या छतावर शिडी लावून दर पंधरा दिवसांनी कोण चढणार, आणि पिंपळ उपटायचे पाप कुणाच्या माथी, यावर मात्र पाऊण तास चर्चा होऊन विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.